देखावा, प्रमाण आणि गिरणी

‘देखावा’ हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा दूषण म्हणून येतो. एखाद्या कादंबरीतील शहर हा ‘केवळ देखावा’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या शहराला कथनात काही कार्य नाही, पात्रांच्या मागे टांगलेला तो एक पडदा आहे, असे आपल्याला सुचवायचे असते. उलट गणेशोत्सवात ‘हलता देखावा’ पाहायला लांबून माणसे येतात. रांगेत उभी राहतात. आणि तेथे हाच शब्द कौतुकाचा असतो. एकाच शब्दाच्या या दोन मूल्यांमधील अंतर गेली सहा-सात वर्षे मला फार जवळून न्याहाळता आले. कारण या काळात मी स्वतः एक देखावा करीत आलो आहे: मुंबईच्या गिरणगावाचा एक तुकडा, १:८७ या प्रमाणात, आणि त्याच्या कडेने धावणारी चार डब्यांची लोकल. मराठीच्या निवृत्त अध्यापकाने हे उद्योग का करावेत, असा प्रश्न माझ्या मित्रांना पडतो. त्याचे समाधान करण्यासाठी हा लेख नाही. वर्णन, तपशील, दृष्टिकोन, घटना या ज्या संज्ञा मी तीस वर्षे वर्गात शिकवल्या, त्यांचे प्लायवूड, डिंक आणि मोटार यांच्या संगतीत काय झाले, त्याची ही नोंद आहे.

तसे पाहिले तर लहानपणी आपण सगळेच प्रतिकृतिकार असतो. दगडविटा रचून, त्यांवर चिखलात भिजवलेले पोते पसरून केलेला दिवाळीचा किल्ला ही महाराष्ट्रातील असंख्य मुलांची पहिली वास्तुरचना. या किल्ल्याला ‘प्रमाण’ नावाची गोष्ट ठाऊक नसते. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात, गुहेतला वाघ महादरवाजातून आत जाऊ शकणार नाही एवढा असतो आणि पायथ्याच्या शेतात उगवलेले हळीव पहारेकऱ्याच्या कमरेला लागते. हे अज्ञान नव्हे. येथे आकार महत्त्वानुसार ठरतो, आणि महत्त्व कोणाला द्यायचे याविषयी किल्ला करणाऱ्याच्या मनात संदेह नसतो. अनेक परंपरांतील जुन्या चित्रांतही राजा सेवकांच्या दुप्पट उंच असतो, तो याच न्यायाने.

१:८७ ची नीती याच्या नेमकी उलट. ‘एचओ’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या प्रमाणात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. येथे सर्वांना एकाच संख्येने भागायचे असते. सव्वापाच-साडेपाच फुटांचा माणूस १९ मिलिमीटरचा होतो; तो मालक असो, मुकादम असो की गेटवर उभा असलेला बदली कामगार असो. साठ मीटर उंचीचे धुराडे ६९ सेंटिमीटरचे, तीन मजल्यांची चाळ जेमतेम वीतभर. वास्तववादी कादंबरीने वाचकाशी जो करार केला तो मला विद्यार्थ्यांना समजावून सांगताना नेहमी अडखळायला होई. आता वाटते, हा भागाकार फळ्यावर लिहिला असता तर काम झाले असते. कोणी कितीही मोठा असो, त्याला ८७ नेच भागायचे.

अर्थात करार कागदावर राहतो. माझ्या फळ्या तीन, प्रत्येकी चार फूट बाय अडीच फूट. एकत्र जोडल्या की बारा फूट, म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे ३१८ मीटर; रुंदी ६६ मीटर. मुंबईची बारा डब्यांची लोकल या प्रमाणात जवळजवळ तीन मीटर लांब होते. ती ठेवली तर शहर उरत नाही. गाडीचे एक टोक फलाटावर आणि दुसरे भिंतीत. म्हणून डबे चार. गिरणीच्या करवती छपराच्या शेडला प्रत्यक्षात जितके दात असतील त्यांतले पाच ठेवायचे आणि पाहणाऱ्याने ते पुष्कळ मानायचे. छंदिष्टांच्या परिभाषेत याला निवडक संकोच म्हणतात. कथेचे तंत्र शिकवणाऱ्याला ही कल्पना नवी नाही. नवी वाटली ती तिची उघड, निर्लज्ज मोजदाद: किती मीटर गाळले हे येथे पट्टी लावून सांगता येते.

रुळांची गोष्ट मात्र निराळी, आणि या नियतकालिकाच्या वाचकांना ती थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. युरोपातल्या प्रमाणित रुंदीच्या, म्हणजे १४३५ मिलिमीटरच्या मार्गाची ती योग्य प्रतिकृती आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर १९.३ येतात. म्हणजे आपली लोकल आपण कितीही इमानाने घडवली, डब्यांचा रंग, खिडक्यांच्या जाळ्या, दारातले खांब सगळे जागच्या जागी आणले, तरी विकतच्या रुळांवर ती उभी राहते तेव्हा दुसऱ्याच्या मापाच्या चपला घातल्यासारखी दिसते: वर रुंद, खाली अरुंद. मी हे एका समीक्षक-मित्राला सांगितले तेव्हा त्यांनी तत्काळ त्यात देशीवादाचा दृष्टान्त पाहिला. आपले सगळे वाङ्मय असेच परक्या गेजवर चालवले जात आहे, स्वतःचे रूळ स्वतः टाकल्याशिवाय गत्यंतर नाही, असे ते म्हणाले. दृष्टान्त मोहक आहे. पण अडचण अशी, की ज्या इंग्रजांकडून हा छंद आपल्याकडे आला त्यांच्याच घरी ‘ओओ’ नावाच्या प्रचलित प्रमाणात गाडी १:७६ ची आणि रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे असतात. खरे पाहता ते १८.८३ हवेत. म्हणजे इंग्रजही आपल्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या अरुंद रुळांवर चालवीत आले आहेत, तेही स्वतःच्याच देशात. ‘त्यांचे’ माप त्यांना तरी बसते, हे गृहीत आपण फार सहज धरतो. मी पुढच्या बाजूचा, नजरेत येणारा पट्टा हाताने १९.३ मिलिमीटरवर टाकला आणि त्यावर गाडी कायमची उभी केली. मागच्या बाजूला, जेथे गाडी धावते, तेथे विकतचे रूळ ठेवले. हा काही सिद्धान्त नव्हे. पण ज्यांना दोन्हींपैकी एकच निवडण्याची सक्ती वाटते, त्यांनी एकदा फळीपाशी येऊन उभे राहावे.

माणसांचेही तसेच. तयार मिळणाऱ्या जर्मन आकृत्यांच्या अंगावर ओव्हरकोट असतात आणि डोक्यावर हॅट. हॅटची कड कानशीने तासली की गांधीटोपी होते. कोटाचे खालचे टोक उडवले की सदरा होतो. स्त्रियांना मात्र भाषांतर पुरत नाही. साडीचा पदर स्कर्टमधून कोरून निघत नाही. तो पातळ कागद गोंदात भिजवून वरून नेसवावा लागतो, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नसतो.

प्रतिकृतीविषयी जे पाश्चात्त्य चिंतन आपल्या परिचयाचे आहे, ते बहुतेक स्थिर प्रतिकृतीचे आहे. लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ साली असे म्हटले, की लहान प्रतिकृतीत अवयवांआधी अवयवीचे ज्ञान होते. आकार घटतो त्याच्या मोबदल्यात बुद्धीला समग्रता लाभते. बाशलार यांना लघुरूपात स्वप्नाळू मनाला मिळणारा विसावा दिसला. सूझन स्ट्यूअर्ट यांनी १९८४ मध्ये या विसाव्याचीच चिकित्सा केली: लघुरूप आपल्याला मालकीचा, सत्तेचा आणि गतकाळाच्या ओढीचा एक सुरक्षित कोपरा देते, आणि त्या कोपऱ्यात श्रम दिसत नाहीत. हे शेवटचे वाक्य मी पूर्वी वर्गात सहज उच्चारून जात असे.

पण देखावा हलू लागला की या विवेचनाला ओढ लागते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव जी. ए. कुलकर्णी पथ. (नियतीच्या रुळांवरून माणसे चालवणाऱ्या लेखकाच्या नावाच्या रस्त्यावरच हे असावे, याची मौज मी तेथे गेलो तेव्हा माझ्याबरोबरच्या कोणालाच वाटली नाही.) तेथे अंधार होतो, दिवे लागतात, सर्कस दिसते, डोंगरावर चढणारी गाडी दिसते, आणि काही वेळाने पुन्हा उजाडते. हांबुर्गला जुन्या वखारींच्या वस्तीत २००१ साली सुरू झालेल्या ‘मिनिआटुर वुंडरलांड’मध्ये हाच खेळ अवाढव्य झाला आहे: तेथील दिवस पंधरा मिनिटांचा असतो, आणि अडीच लाखांहून अधिक माणसे त्यात उभी, बसलेली, भांडत असलेली आहेत. तेथे ‘क्नुफिंगन’ नावाचे एक काल्पनिक शहर आहे. त्या शहरात दिवसातून अनेकदा आग लागते, अग्निशामक गाड्या धावतात, आणि आग विझते. त्याच्या चित्रफिती मी पुष्कळ पाहिल्या. कथनमीमांसेच्या दृष्टीने हा एक चमत्कारिक प्रकार आहे. जी आग पुन्हा लागणारच आहे ती घटना की स्थिती? ॲरिस्टॉटलच्या कथानकाला आदी, मध्य आणि अंत असतो. हलत्या देखाव्याला फक्त फेरी असते. तेथे धावपळ सतत आहे आणि घडत काहीच नाही.

त्यातून निसर्ग लहान व्हायला तयार नसतो, ही आणखी एक अडचण. लांबी ८७ ने भागता येते, काळ भागता येत नाही. ताशी पन्नास किलोमीटरची लोकल फळीवर सेकंदाला सोळा सेंटिमीटर सरकते, इथपर्यंत ठीक. पण चाळीच्या अंगणात मी एक झोका बांधला. प्रत्यक्षात दोन मीटर दोरीचा झोका एका हेलकाव्याला सुमारे तीन सेकंद घेतो. २३ मिलिमीटरची दोरी सेकंदाला तीन-तीन हेलकावे खाते. झोक्यावरचे मूल फेफरे आल्यासारखे दिसते. तेव्हा झोका मोकळा सोडता येत नाही. फळीखाली हळू फिरणारी गिअरची मोटार, तिच्यावर कॅम, कॅमवरून वर आलेली पोलादी तार, आणि तिने झोका ओढत-ढकलत न्यायचा. रस्त्यावरची बसही अशीच. जर्मनीतल्या फाल्लर कंपनीने १९८९ मध्ये आणलेली युक्ती मी वापरली आहे: रस्त्याच्या पृष्ठभागाखाली पोलादी तार पुरलेली असते, बसच्या पुढच्या आसाला लोहचुंबक असते, आणि चाके त्या तारेमागे वळतात. थांब्यावर रस्त्याखालचे विद्युतचुंबक चालू झाले की बस उभी राहते. वरून पाहणाऱ्याला ड्रायव्हरने ब्रेक मारला असे वाटते.

या साऱ्या यंत्रकामातले माझे ज्ञान पुस्तकी. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मोटारी माझ्या हातून सुरुवातीला फक्त गरम होत. ते काम हाती घेतले आमच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी. सगळी इमारत त्यांना ‘मामा’ म्हणते, मीही म्हणतो. मूळचे पाटण तालुक्यातले. तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. पुढे उपनगरात मोटारी रिवाइंड करण्याचे दुकान त्यांनी पंचवीस-तीस वर्षे चालवले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या फळ्यांभोवती एक फेरी मारली, धुराड्याला बोट लावून ते डळमळते का ते पाहिले, आणि विचारले:

“सर, ही गिरणी चालू हाय का बंद?”

मी म्हणालो, चालू. मी सांगितले, की देखाव्याचा काळ डिसेंबर १९८१ ठेवला आहे. संप १८ जानेवारी १९८२ चा. म्हणजे त्याआधीचा महिना.

“त्या म्हैन्यात काही गिरण्या आधीच बंद व्हत्या. दिवाळीच्या बोनसवरनं. आमची चालू व्हती. म्हंजी ही आमची.”

‘ही आमची’ या दोन शब्दांनी देखाव्याचे स्वामित्व बदलले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. पुढे येत गेले.

पहिला खटका धुराड्यावरून उडाला. रचनेच्या दृष्टीने ते धुराडे माझ्या दृश्याचा कणा होते. आडव्या पसरलेल्या करवती छपरांना छेद देणारी एकच उभी रेषा. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर विरोधलय. आणि त्या रेषेचा भार तोलायला वर धुराचा एक तिरपा फराटा, म्हणजे समतोल. तेलाची वाफ करणारे छोटे यंत्र मिळते, ते बसवायचे ठरवले होते. तांत्रिक अडचण होतीच, कारण धूरही झोक्यासारखाच प्रमाण मानीत नाही. ६९ सेंटिमीटरच्या धुराड्यातून निघालेली वाफ कापसाच्या बोळ्यासारखी वर लोंबकळते. पण मामांचा आक्षेप वेगळा होता. धूर निघतो तो बॉयलरचा, असे ते म्हणाले. बॉयलर खळीला, रंगाला लागतो. साचे विजेवर चालतात. साचे चालू आहेत की नाहीत हे धुरावरून कळत नाही.

हे खरे आहे. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. तरीही चित्रांत, चित्रपटांत, कवितेत गिरणी ‘चालू’ आहे हे सांगायचे असले की आपण धूर काढतो. आपल्या नैयायिकांनी अनुमानाचे उदाहरण म्हणून धुराची निवड केली ती डोंगरावरचा अग्नी ओळखण्यासाठी. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष आहे. धुरावरून श्रमाचे अनुमान मात्र हेत्वाभास ठरतो. आपल्या नागर वाङ्मयातील किती धुराडी या हेत्वाभासावर उभी आहेत, याची एकदा कोणीतरी यादी करायला हवी.

“मग कशावरून कळतं?” मी विचारले.

“आवाजावरनं. न्हाईतर पायावरनं. भिंतीपल्याडच्या रस्त्यावर हुभं ऱ्हायलं तरी पाय थरथरायचं.”

दोन दिवसांनी त्यांनी जुन्या मोबाइल फोनमधल्या, फोन थरथरवणाऱ्या चार मोटारी आणल्या आणि शेडच्या खाली, फळीला आतून चिकटवल्या. वाफेचे यंत्र खोक्यातच राहिले. आता गिरणी ‘चालू’ केली की दिसत काहीही नाही. फळीच्या कडेवर हात टेकला तर तळव्याला एक बारीक, अखंड कंप जाणवतो. हलत्या देखाव्यातले सर्वांत महत्त्वाचे हलणे असे दृष्टीआड गेले. कारागीर म्हणून मी आधी थोडा हिरमुसलो. मर्ढेकरांचा समतोल गेला तो गेलाच.

दुसरा वाद तपशिलांचा. बार्थ यांनी १९६८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाकडे बोट दाखवून म्हटले, की कथेत काहीच कार्य नसलेले असे तपशील फक्त एवढेच सांगतात: ‘आम्ही वास्तव आहोत.’ हा ‘वास्तवाभास’ मी चाळीच्या गॅलरीत मुक्त हस्ताने पेरला होता. वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यातल्या वळकट्या, पाण्याची पिंपे, तुटलेले पन्हळ. मामांनी चष्मा लावून गॅलऱ्या पाहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वळकट्या मोजल्या. त्या खोलीबाहेर तीनच वळकट्या होत्या. ही गाळ्याची खोली आहे का, त्यांनी विचारले. तसे असेल तर दुपारी बाहेर इतक्या कमी वळकट्या कशा? रातपाळीची माणसे आत झोपलेली असणार, म्हणजे त्यांच्या वळकट्या आत. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्यांच्या बाहेर. किती माणसे धरली आहेत? आणि वाळत घातलेले पंचे फक्त दोन?

मी सजावट म्हणून चिकटवलेल्या चार वस्तूंत त्यांना एका खोलीतल्या वीस माणसांचे वेळापत्रक वाचता येत होते, आणि ते वेळापत्रक जुळत नव्हते. तपशील निरर्थक असतो असे म्हणताना तो कोणाला निरर्थक, हा प्रश्न बार्थ यांच्या मांडणीत राहून जातो. पॅरिसमधील अभ्यासकाला जो केवळ वास्तवाचा निर्देश वाटला तो त्या घरातल्या मोलकरणीला, रोज त्यावरची धूळ पुसणारीला, काय वाटला असेल? संहितेतील ‘अनावश्यक’ वर्णनांची यादी करणाऱ्या प्रबंधांचा मी परीक्षक राहिलो आहे. त्यांपैकी काहींत अनावश्यकता संहितेची होती की वाचणाऱ्याच्या अनुभवाची, हा प्रश्न आज तरी मला खुला वाटतो. वळकट्या आता अकरा आहेत.

दृष्टिकोनाचे प्रकरण तर यापेक्षाही सरळ निघाले. दे सर्तो यांनी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११० व्या मजल्यावरून शहर पाहणाऱ्याविषयी लिहिले: वरून पाहताना शहर वाचनीय संहिता होते, पण ते जगणारी माणसे खाली, रस्त्यावर, ती संहिता न वाचताच लिहीत असतात. (ते मनोरे २००१ साली कोसळले, निबंध उरला.) प्रतिकृती पाहणारा मूलतःच त्या मजल्यावर उभा असतो. मीही फळ्या कमरेएवढ्या उंचीवर ठेवल्या होत्या, जेणेकरून सगळे शहर एका नजरेत यावे. मामा कितीतरी दिवस शहर ओळखल्यासारखे वाटत नव्हते. यंत्रे ते उत्तम बसवत. पण देखाव्याविषयी बोलताना त्यांचा सूर दुसऱ्याच्या घराविषयी बोलावे तसा. एकदा तार ओढायला ते स्टुलावर बसले आणि त्यांचे डोळे फळीच्या पातळीला आले. समोर गिरणीचे गेट, मधे पाठमोऱ्या माणसांची डोकी, गेटच्या कमानीतून दिसणारे शेडचे टोक. ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

“हिथनं बरोबर दिसतंय,” ते म्हणाले. “वरनं कुणी बघितलीय गिरणी? वरनं मालक बघत आसंल.”

त्यानंतर आम्ही फळ्या छातीच्या उंचीवर नेल्या. सगळे शहर एकदम दिसेनासे झाले. लेव्ही-स्ट्रॉस यांची समग्रता गेली. गेटपासचा खिडकीवाला, खानावळीकडे वळणारा बोळ, पुलाच्या कठड्याआड अर्धी दिसणारी बस असे तुकडे राहिले. पाहणाऱ्याला वाकावे लागते, सरकावे लागते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) सगळे चाळीतल्या एका खोलीत घडते, गिरणी रंगमंचावर येत नाही, आणि तरी तिच्यावाचून नाटकात काहीच हलत नाही. ती उंची नाटककाराने बरोबर हेरली होती, हे मला फळ्या उचलताना कळले.

माणसे चालती करायचे ठरले तेव्हा गोष्टी अधिक कठीण झाल्या. पदपथात एक बारीक खाच, तिच्याखाली दोन चाकांवरून फिरणारी साखळी, साखळीला तारेने जोडलेल्या चौदा आकृत्या. गेटमधून आत जातात, भिंतीआडून वळतात, खानावळीमागच्या बोळातून पुन्हा बाहेर. आमच्या घड्याळात एक मिनिट म्हणजे एक तास. पाळ्या तीन: सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्रीचे बारा, बारा ते सात. भोंगा झाला की साखळी फिरते, एरवी माणसे भिंतीआड उभी. माझी अपेक्षा अशी, की एका भोंग्याला ती आत जावीत आणि दुसऱ्या भोंग्याला बाहेर यावीत. पण मोटार उलटी फिरवली की सगळे कामगार पाठीमागे पावले टाकीत गिरणीबाहेर येऊ लागले. काळ उलटा फिरवल्यासारखे ते दृश्य काही क्षण फार गमतीचे दिसले, मग भयंकर. दुसऱ्या साखळीला जागा नव्हती. आत जाणे किंवा बाहेर येणे, दोन्हींपैकी एकच दाखवता येणार होते. मामांनी बाहेर येणे निवडले. कारण विचारले तर म्हणाले, “आत जाताना कोण कुणाकडं बघत न्हाय. सुटल्यावर बघत्यात.”

त्यामुळे आमच्या गिरणीत आता दिवसातून तीन वेळा माणसे फक्त सुटतात. भरत कधीच नाही. वास्तववादाच्या नियमाने हा दोष आहे. आजवर एकाही पाहुण्याने तो दाखवलेला नाही.

सर्वांत शेवटी बटणांचा फलक झाला. लोकल, बस, रस्त्यावरचे दिवे, चाळ, झोका. प्रत्येकाखाली मी नावाची पट्टी चिकटवीत गेलो. एका बाजूला, इतरांपासून थोडे दूर, मामांनी आणखी एक बटण बसवले होते. त्याने फक्त शेडखालच्या चार मोटारी, भोंगा आणि साखळी बंद होते. बाकी सगळे चालू राहते. मी म्हणालो, याची काय गरज? सगळा देखावा बंद करायला मुख्य बटण आहेच.

“सगळं कुठं बंद झालं व्हतं?”

त्यांनी ते बटण दाबले. लोकल पुलाखालून गेली. बस थांब्यावर थांबली आणि निघाली. झोका हलत होता. खानावळीत दिवा लागला. मी फळीकडे पाहत राहिलो. पाहण्यासारखा बदल काहीच नव्हता. सुमारे अडीच लाख कामगारांचा, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप; तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. आदी त्याला होता. अंताची तारीख लिहायला कोठे जागा नाही. मी हांबुर्गच्या आगीविषयी जे तत्त्व बांधले होते, की हलत्या देखाव्यात काहीच घडत नाही, ते या बटणाला लागू करावे की करू नये, हे मला ठरवता येईना. येथे तर काहीच न हलण्याने काहीतरी घडत होते, आणि तेही दिसत नव्हते.

मागच्या हिवाळ्यात माझ्या एका माजी विद्यार्थिनीने, जी आता स्वतः प्राध्यापक आहे, आपल्या एम. ए.च्या वर्गाला देखावा पाहायला आणले. आठ-नऊ मुले. त्यांच्यापैकी कोणीच १९८२ मध्ये जन्मलेले नव्हते. गिरणगाव त्यांना ठाऊक आहे ते मॉलच्या आवारात उभ्या राहिलेल्या धुराड्यामुळे. त्यांनी बसची छायाचित्रे घेतली, साडीचा पदर कशाचा विचारले, एकाने स्ट्यूअर्ट यांचे नाव घेऊन मला नॉस्टॅल्जियाविषयी नेमका प्रश्न विचारला. मी उत्तर देत असताना मामांनी फलकाशी जाऊन ते बाजूचे बटण दाबले, हे मी पाहिले. पहिली पाळी सुटायची वेळ झाली आणि गेली. भोंगा वाजला नाही, गेटमधून कोणी बाहेर आले नाही. लोकलच्या दोन फेऱ्या झाल्या. कोणाच्या काही लक्षात आले नाही. येण्याचे कारणही नव्हते, त्यांनी भोंगा आधी एकदाच ऐकला होता.

मग एक मुलगी, जी इतका वेळ काही बोलली नव्हती आणि फळीच्या कडेवर दोन्ही हात ठेवून गेटकडे पाहत होती, तिने हात उचलला, पुन्हा टेकवला, आणि विचारले, “सर, काही बंद पडलं का?”

मामांनी तिच्यासाठी स्टूल पुढे केले. पुढचा अर्धा तास ती दोघे काय बोलत होती ते मला ऐकू आले नाही. मी दुसऱ्या टोकाला त्या मुलाशी नॉस्टॅल्जियाविषयीच बोलत होतो.

बाजूच्या त्या बटणाखाली अजून पट्टी लावलेली नाही. मी ‘गिरणी’ असे लिहून दिले होते. ‘संप’ असेही एक लिहून पाहिले. मामांनी दोन्ही पट्ट्या खिशात घातल्या. सध्या ते पावसाने फुगलेल्या मधल्या फळीचा सांधा तासताहेत, कारण तेथे रस्त्याखालची तार वर आली आहे आणि बस अडखळते.